ही उसण न्हाई

या सदरातले अमानवीय अनुभव मी गेली कित्येक वर्षं वाचतो आहे, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या चुका काढण्यासाठीच वाचतो. बायको म्हणते, तुम्हाला भुताच्या गोष्टीतही कागदपत्रं अपुरी दिसतात. बरोबर आहे तिचं. मी डॉक्टर आहे, आणि गेली वीस वर्षं कामगार विम्याच्या दवाखान्यात अशा खुर्चीवर बसतो, जिथे पुरावा नसेल तर सही होत नाही. ज्याचा कागद नाही ते घडलंच नाही, इतकं साधं माझं तत्त्वज्ञान. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण आमच्या दवाखान्यातल्या गयाबाई आता रिटायर झाल्या आहेत, कुणाच्या नोकरीला धक्का लागणार नाही, आणि त्यांनीही "लिवा की, माझं काय जातंय" म्हणून परवानगी दिली आहे. नावं बदलली आहेत, बाकी जसंच्या तसं.

माझं काम थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. कापसाच्या जिनिंगमध्ये, ऑइल मिलमध्ये, एखाद्या कारखान्यात कामावर असताना माणूस जखमी झाला की त्याचा इलाज विम्यातून होतो. मलमपट्टी, गोळ्या, साधा एक्स-रे यासाठी कुणाला विचारावं लागत नाही. पण एमआरआय, सीटी स्कॅन, ऑपरेशन असं मोठं काही असलं की तालुक्यातालुक्यातले डॉक्टर फाईल माझ्याकडे पाठवतात. मी ती वाचायची, नियमात बसते का बघायचं आणि "मंजूर" किंवा "नामंजूर" लिहून सही करायची. काही पेशंट समोर येतात, बरेचसे नुसते कागदावरच भेटतात. कामगारांनी माझं नाव "नामंजूर साहेब" ठेवलं होतं. ते कानावर आलं तेव्हा राग आला आणि, खोटं कशाला बोलू, थोडी ऐटही वाटली.

कारण नियम काही मूर्ख माणसांनी केलेले नसतात. पाठ दुखली की लगेच एमआरआय काढायची गरज नसते. उगाच काढला तर काहीतरी बारीकसारीक दिसतं, माणूस धास्तावतो, आणि ज्याला खरंच हवाय त्याचा नंबर मागे जातो. म्हणून नियम असा : माणूस कुठून पडलेला नसेल, पायातली ताकद शाबूत असेल, एक्स-रेत काही नसेल, तर आधी सहा आठवडे गोळ्या, विश्रांती आणि व्यायाम. त्यानंतर बघू. हा नियम मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला असता.

आमचा दवाखाना परभणीत, एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्याला, एका जुन्या इमारतीत. माझी खोली लहान. खिडकीशी टेबल, उजव्या हाताला लोखंडी कपाट, आणि टेबल नि कपाट यांच्यामध्ये एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच जागा. टेबलावर दोन गठ्ठे. डावीकडे मंजूर, उजवीकडे नामंजूर. उजवा नेहमी उंच. हे सगळं इतकं बारकाईने सांगतोय, कारण पुढे ती कपाटाजवळची जागा महत्त्वाची आहे.

गयाबाई आमच्याकडे शिपाई होत्या. गाव पोखर्णी, रोज सकाळच्या गाडीने यायच्या. उंच, काटक, बोलणं मोजकं. चपला दाराबाहेर काढून दिवसभर अनवाणी वावरायच्या. थंडीत फरशी गार पडते, चपला घाला म्हटलं तर म्हणायच्या, कागद म्हंजी सरस्वती, तिच्यात चपला घालून कसं हिंडावं. चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. मराठी सावकाश वाचायच्या, इंग्रजीतलं एक अक्षर येत नव्हतं.

आणि गयाबाई पायाळू होत्या. शहरातल्या तरुण वाचकांसाठी सांगतो : जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. असल्या माणसाने उसण भरलेल्या पाठीला पाय लावला की उसण उतरते, अशी आमच्याकडे पक्की समजूत आहे. उसण म्हणजे पाठीत अचानक भरणारी कळ. खरं तर आमच्या भागात पाठीत जे काही दुखेल त्याला उसणच म्हणतात. दवाखान्याच्या मागे एक ओसरी होती. माझ्याकडून नामंजूर होऊन बाहेर पडलेला माणूस तिथे गयाबाईंकडे जायचा. माझ्या निकालावरचं अपील कोर्टच होतं ते. मला माहीत होतं, मी डोळेझाक करायचो. पाय लावल्याने कुणाचं नुकसान होत नाही, असा माझा उदार विचार.

त्यांची पद्धत मी एकदा खिडकीतून पाहिली होती. माणसाला पोत्यावर पालथं झोपवायचं आणि उजव्या पायाचा अंगठा पाठीवर नुसता टेकवायचा. दाब नाही, चोळणं नाही, मंत्र नाही. थोडा वेळ तसंच उभं राहायचं. मग बहुतेकांना सांगायच्या, उसण हाय, गरम पाण्यानं शेका, दोन दिस वजन उचलू नका. माणूस खूश होऊन जायचा आणि बराही व्हायचा. उसण तशीही बरी होतेच.

पण कधीतरी त्या पाय हलकेच उचलून घ्यायच्या, त्या माणसाला घेऊन परत माझ्या दारात यायच्या आणि म्हणायच्या, "साहेब, ही उसण न्हाई. पुन्यांदा बघा."

पहिल्या वेळी मी त्यांच्यावर डाफरलो. मी डॉक्टर आहे की तुम्ही, वगैरे. त्या जागच्या हलल्या नाहीत. शेवटी सुटका व्हावी म्हणून मी त्या माणसाला पुन्हा तपासलं, तर मुतखडा निघाला. नंतर एकदा ऑइल मिलमधल्या एका बाईंना घेऊन आल्या. दोन दिवसांनी त्या बाईंच्या पाठीवर नागीण उठली. एकदा मणक्याचा टीबी सापडला, आणि तो मी समोर बसलेल्या माणसात पाहिला नव्हता, ही गोष्ट मला अजून बोचते. दर वेळी दुसऱ्यांदा तपासलं की काहीतरी सापडायचं. मी बायकोला म्हणायचो, ही बाई शिकली असती ना, तर मी तिच्या हाताखाली काम केलं असतं. मात्र यात चमत्कार वगैरे मला कधीच वाटला नाही. तीसेक वर्षं पाठी बघून बघून नजर तयार झाली आहे, असं माझं स्पष्टीकरण होतं. आजही त्या पेशंटांपुरतं माझं तेच मत आहे.

आता तो दिवस.

डिसेंबर महिना, मंगळवार, सकाळचे साडेअकरा. जिनिंगचा हंगाम ऐन भरात. माझ्यासमोर गंगाखेड तालुक्यातून आलेली एक फाईल होती. नाव बळीराम, वय चौतीस, राहणार राणीसावरगाव, जिनिंगमध्ये रुईच्या गाठी रचायचं काम. तीन आठवड्यांपासून पाठदुखी. कंपनीच्या अपघात अहवालात मराठीत एक ओळ : "काम करीत असताना उसण भरली." तिकडच्या डॉक्टरांनी त्याचं इंग्रजी केलं होतं, स्नायूचा ताण. पायात ताकद व्यवस्थित. कमरेचा एक्स-रे नॉर्मल. मागणी, एमआरआय.

दोन मिनिटांचं काम होतं. पडलेला नाही, ताकद आहे, एक्स-रे साफ. मी एमआरआय नामंजूर केला, आणि सहा आठवड्यांचा व्यायाम मंजूर केला. पुढे वाकायचे, मागे वाकायचे, पाय उचलायचे व्यायाम. सही केली, फाईलची नाडी बांधली, उजव्या गठ्ठ्यावर ठेवली आणि पुढची ओढली. ओढताना कोपर लागलं आणि ती वरची फाईल सरकून कपाटाजवळच्या फटीत पडली. पडू दे, नंतर उचलू म्हणून मी तिकडे पाहिलंही नाही.

तेवढ्यात गयाबाई चहा घेऊन आल्या. नेहमीप्रमाणे कपाटाच्या बाजूने आल्या आणि त्यांचा पाय त्या फाईलवर पडला.

ही काही नवलाची गोष्ट नव्हती. एवढ्याशा खोलीत इतके कागद, कितीदा तरी त्यांचा पाय लागायचा. मग त्या चहा ठेवून वाकायच्या, कागदाला हात लावायचा, तो हात कपाळाला, आणि कागद उचलून जागेवर. आपण सगळेच करतो तसं. त्यांच्याबरोबरच्या अकरा वर्षांत मी हे इतक्यांदा पाहिलं होतं की ते दिसायचंही बंद झालं होतं. त्या दिवशी दिसलं, कारण त्या वाकल्याच नाहीत. चहा टेबलावर ठेवला आणि फाईलवर पाय तसाच ठेवून उभ्या राहिल्या. मग पाय हलकेच, अगदी हलकेच उचलून घेतला... ओसरीत एखाद्याच्या पाठीवरून उचलायच्या तसा. त्यानंतर वाकल्या, फाईलला हात लावून कपाळाला लावला आणि फाईल माझ्यासमोर ठेवली. उजव्या गठ्ठ्यावर नाही. माझ्यासमोर.

"साहेब, ही उसण न्हाई."

फाईल बंद होती. नाडी बांधलेली. वर फक्त इंग्रजीत नाव आणि नंबर. मी त्या शब्दांकडे लक्ष देण्याच्या मनःस्थितीत नव्हतो, मी चिडलो. म्हणालो, "गयाबाई, ही फाईल आहे. माणूस नाही."

"व्हय साहेब," त्या म्हणाल्या. "पर ही उसण न्हाई." आणि रिकामा ट्रे घेऊन निघून गेल्या.

मी ती फाईल परत उजवीकडे ठेवली. चहा प्यालो. पुढच्या फाईलची पहिली ओळ तीन वेळा वाचली आणि काही कळलं नाही. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती : या बाईला कसं कळलं की आत "उसण" लिहिलंय? आमच्याकडे हात मोडलेल्यांच्या फायली असतात, डोळ्यात कण गेलेल्यांच्या असतात, भाजलेल्यांच्या असतात. हीच फाईल पाठीची, हे तरी कसं कळलं? शेवटी स्वतःवरच वैतागून मी नाडी सोडली आणि आतल्या नंबरवर फोन लावला. स्वतःला सांगितलं की दुखणं कसं सुरू झालं एवढंच विचारायचं. ते विचारणं तर नियमातच बसतं.

फोन त्याच्या बायकोने उचलला. मी दवाखान्यातून बोलतोय म्हटल्यावर तिने सांगितलं की फोटो काढला होता, त्यात काय न्हाई म्हणले. आमच्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात. मी विचारलं, दुखायला कधी लागलं? काम करताना काही झालं होतं का?

"पडले की साहेब. गाठीवर गाठ रचायलते, वरून घसरले अन् बुडावर आपटले."

मी म्हणालो, कागदावर तर उसण भरली असं आहे.

"त्येंनीच तसं सांगितलं. पडलो म्हणलं की पुन्हा गाठीवर चढू देत न्हाईत, बिनपगारी बसवून ठिवतेत. अन् पडलं काय, भरलं काय, पाठच दुखायली ना साहेब."

उंचावरून बुडावर आपटलेला माणूस, आणि मी त्याला पुढे वाकायचे व्यायाम लिहून दिले होते. विचारलं, आता कुठे आहेत ते?

"निघालेत. चपला घालायलेत. शेजारच्या गावात येक पायाळू हाय, लय तगडा गडी. पाठीवर उभा ऱ्हातो अन् येका दणक्यात मोकळं करतो म्हणतेत. भाऊ मोटारसायकल घिऊन आलाय."

मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. "ताई, त्यांना आडवं करा. जिथे असतील तिथे. ओसरीत असतील तर ओसरीत. बसायचं नाही, उठायचं नाही, कुणाला पाठीला हात लावू द्यायचा नाही. मी ॲम्ब्युलन्स पाठवतो."

मग तिने विचारलं, "काय झालंय साहेब त्यांला?"

"माहीत नाही," मी म्हणालो. वीस वर्षांत पेशंटच्या माणसाला मी हे उत्तर पहिल्यांदा दिलं असेन.

सही केलेला नकार मी खोडला, वर "तातडीने मंजूर" लिहिलं, गाडी पाठवली आणि एमआरआयवाल्यांना फोन करून वेळ घेतली. दुपारी रिपोर्ट आला. मणका फुटला होता, आणि त्याचा एक तुकडा आत मज्जारज्जूच्या दिशेने सरकला होता. उसण म्हटल्यामुळे एक्स-रे कमरेचा काढला गेला, आणि मोडलेला मणका फिल्मच्या कडेच्या दोन बोटं वर होता. फोटोत काही नव्हतं हे खरंच होतं. जिथे होतं तिथला फोटोच नव्हता. बळीरामला तसाच नांदेडला हलवला, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. तिथले सर्जन माझ्या ओळखीचे. फोनवर म्हणाले, तो कुणीतरी पाठीवर उभा राहिला असता ना, तर कमरेखालचं सगळं गेलं असतं. मग म्हणाले, "वेळेत पकडलंत, कमाल आहे तुमची." मी फोन ठेवला. मला लाज वाटत होती, दुसरा शब्द नाही.

त्या शुक्रवारी मी पेढे आणले. गयाबाईंना आत बोलावलं, दार लोटलं आणि म्हणालो, तुमच्या पायाळूपणावर माझा आता विश्वास बसला. मोठ्या मनाने म्हणालो, जणू काही त्यांना प्रमाणपत्रच देत होतो. त्यांनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. मग अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या.

"साहेब, मी पायाळू न्हाई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

त्यांनी सांगितलं ते असं. पायाळू होती त्यांची थोरली बहीण. तिच्या पायाला गुण आहे म्हणून गावोगावची माणसं यायची. ती पाच वर्षांची असताना तापात गेली. माणसं मात्र येत राहिली, बैलगाडीत आडवी पडून, कण्हत. तेव्हा गयाबाई तीन वर्षांच्या. "आयनं मला म्होरं केलं. म्हणली, दारात आलेल्या दुखण्याला 'मेली' म्हणून कसं सांगावं. ठिव पाय." तेव्हापासून त्या पायाळू झाल्या. आभाळ गडगडलं की पायाळूवर वीज पडते म्हणून त्यांना घरात कोंडून ठेवायचे. बाकीची पोरं शेतात, या आत. आपण तसल्या नाही हे माहीत असून कधी बोलल्या नाहीत. लग्नानंतर नवऱ्यालाही नाही. मी पहिलाच.

"मला भ्याव वाटायचं साहेब. आपल्या पायात तर काय न्हाई. येखाद्याचं हाड मोडलं असलं अन् म्या पाय दिला तर? म्हणून म्या कवाच दाबलं न्हाई. नुस्ता अंगठा टेकवायचा अन् बघत ऱ्हायचं. श्वास कसा घ्यायलाय, कुठं दचकायलाय, घाम कशाचा हाय. ज्येंच्यात गुण हाय त्ये डोळे झाकून लाथ मारतेत. माझ्यात गुणच न्हाई, म्हणून मला डोळे उघडे ठिवावे लागले."

माझ्याकडे डिग्री होती, शिक्का होता, नियमांचं पुस्तक होतं. तेवढ्या जोरावर मी माणूस न बघता सह्या करत होतो. आणि ही बाई पन्नासएक वर्षं, आपल्यात काही नाही या भीतीपोटी, एकेका माणसाला जिवाचे कान करून ऐकत होती. मी आयुष्यात मोठमोठे प्रोफेसर पाहिले, नावाजलेले सर्जन पाहिले. एवढा आदर मला कुणाबद्दलच वाटलेला नाही, हे मी इथे जाहीरपणे लिहितो.

इथपर्यंत सगळं मला कळतं. मुतखडा, नागीण, टीबी... सगळ्याचा उलगडा झाला. मी जवळजवळ सुखावलो होतो. मग विचारलं, "आणि ती फाईल? तिथे तर बघायला माणूस नव्हता."

त्यांनी आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं.

"त्येच मला बी कळंना साहेब. पायाखाली कागद न्हवता. पाठ हुती." मग म्हणाल्या, "ऊन हुती. अन् आत काय तरी हललं."

मग त्यांनी पेढा खाल्ला, हात पुसले आणि कामाला लागल्या. तो विषय आम्ही पुन्हा काढला नाही.

काही महिन्यांनी वरून तपासणी आली. त्यांनी नेमकी ती फाईल काढली. एकदा सही करून नामंजूर केलेलं प्रकरण, नवीन कागद आलेला नसताना, त्याच दिवशी पुन्हा का उघडलं, याचा लेखी खुलासा मागवला. प्रश्न अगदी रास्त होता. मी असतो तर मीही विचारला असता. फोन केल्यावर पडल्याचं कळलं हे ठीक, पण फोन का केला? मी तीन मसुदे लिहिले, तिन्ही फाडले. गयाबाईंचं नाव घालणं शक्य नव्हतं. त्यांनीही बजावलं होतं, मला मधी घालू नका, माझी पेन्शन हाय. शेवटी एकच ओळ लिहिली : "फाईल जमिनीवर पडल्याने पुन्हा पाहण्यात आली." खुलासा मान्य झाला. त्यात एक शब्दही खोटा नाही.

स्पष्टीकरण शोधायचा मी खूप प्रयत्न केला आहे. कदाचित आधी कधीतरी, कुरिअरवाल्याकडून फायली घेताना त्यांनी नाव ऐकलं असेल. विचारलं, नाही. योगायोग म्हणावा, तर इतक्या वर्षांत इतक्या फायलींना पाय लागला, तेव्हा त्या एकदाही काही बोलल्या नव्हत्या. हसू नका, पण एकदा सगळे घरी गेल्यावर मी स्वतः बूट-मोजे काढून फाईलवर अंगठा टेकवून उभा राहिलो. पुठ्ठा लागला. गार.

एवढं मात्र झालं की त्या दिवसापासून मी पाठीची एकही फाईल माणसाला फोन केल्याशिवाय नामंजूर केलेली नाही. पहिला प्रश्न ठरलेला असतो : पडलात का? उजवा गठ्ठा अजूनही उंचच असतो, पण आता त्यातल्या प्रत्येकाचा आवाज मी ऐकलेला असतो.

गेल्या वर्षी गयाबाई रिटायर झाल्या. निरोपाला बळीराम आला होता, बायकोला घेऊन, राणीसावरगावहून पिशवीभर भुईमुगाच्या शेंगा घेऊन. तो आता जिनिंगमध्येच वजनकाट्यावर बसतो. त्याला काय माहीत होतं कुणास ठाऊक, मी तर काही सांगितलं नव्हतं. भाषणं झाली, हार झाले. गयाबाई कधीच कुणाला पायाला हात लावू द्यायच्या नाहीत. कुणी वाकलं की पाय लुगड्याखाली ओढून घ्यायच्या. का, ते आता मला माहीत होतं. त्या दिवशीही सगळ्यांना त्यांनी परतवलं. मग बळीराम पुढे झाला आणि वाकला. त्यांनी पाय ओढला नाही. मला वाटलं, शेवटी एकाचा तरी नमस्कार घेतला बाईंनी.

बळीराम उठला. त्या म्हणाल्या, "पुन्यांदा वाक."

तो पुन्हा वाकला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या त्याच्या डोक्याकडे बघतच नव्हत्या. त्या त्याच्या पाठीकडे बघत होत्या.

"साहेब," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "डावीकडं कमी वाकायलाय ह्यो. येकदा फोटो काढून बघा."

मी तिथेच, गळ्यात कुणीतरी घातलेला हार सांभाळत, खिशातून मंजुरीचा फॉर्म काढला. फोटो निघाला, ऑपरेशनमध्ये बसवलेला एक स्क्रू किंचित सैल झाला होता, तो वेळेत बदलला. यात अमानवीय काही नाही, ते त्यांच्या डोळ्यांचं काम. त्या फाईलचं मात्र माझ्याकडे आजही उत्तर नाही, आणि ते मिळेल असं वाटतही नाही.

त्या फॉर्मवर "तपासणीचे कारण" असा एक रकाना असतो. वीस वर्षं मी तिथे इंग्रजीत भारदस्त काहीतरी लिहीत आलो. त्या दिवशी मराठीत लिहिलं : "गयाबाईंनी सांगितले." खाली सही केली, शिक्का मारला. अजून तरी कुणी खुलासा मागितलेला नाही.